उन्हाच्या मुलखातला 'डी'चा आकडा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा मुलखात मूत्रपिंडाच्या आजारातल्या पोराचं व्हिटॅमिन डी कमी निघालं, की घरचे चक्रावतात. 'आमना पोऱ्या तं दिनभर उनमा ऱ्हास,' असं आजी सांगते. पण डी तयार करणारे किरण भर दुपारी जास्त असतात, आणि खानदेशात त्याच वेळी दारं-खिडक्या लावून माणसं घरात बसतात. आजारी पोर तर अंगणातही कमीच येतं. शिवाय या मुलांच्या बाबतीत ऊन ही गोष्टीची अर्धीच बाजू आहे. उरलेली अर्धी उलगडायला वैद्यकाला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

१८८३ मध्ये लंडनच्या क्लेमेंट लुकस यांनी उशिरा येणाऱ्या मुडदूसाची नोंद केली. या मुलांची हाडं वाकत होती आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं. दोन्हींचा धागा तेव्हा कुणाला सापडला नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस बरा करून दाखवला. त्याच सुमारास इंग्लंडात मेलनबी यांनी डी असलेल्या कॉड माशाच्या तेलाचा गुण सिद्ध केला. साधा मुडदूस त्यानंतर आटोक्यात येत गेला. मूत्रपिंड बिघडलेल्या मुलांना मात्र तेवढ्या मात्रेने फरक पडेना. १९४३ मध्ये पेकिंगमधल्या लिऊ आणि चू यांनी या हाडांच्या विकाराला 'रीनल ऑस्टिओडिस्ट्रॉफी' हे नाव दिलं.

कोडं सुटलं १९७० मध्ये. केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी दाखवलं की डीला शेवटचं कामाचं रूप मूत्रपिंडच देतं. त्याच्या दोन वर्षं आधी, यकृतात तयार होणारं २५-हायड्रॉक्सी रूप अमेरिकेत डेल्युका यांच्या प्रयोगशाळेने ओळखलं होतं. तोवर डी मोजायचं म्हणजे मुडदूस झालेल्या उंदरांना ते खायला घालून हाडात चुना कितपत भरतो ते बघायचं. १९७१ मध्ये हॅडाड आणि च्यू यांची पद्धत आली आणि थेट रक्तातलं २५-हायड्रॉक्सी मोजता येऊ लागलं.

मूत्रपिंड तयार करतं ते रूप सोडून यकृतातलं का मोजायचं, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. कामाचं रूप रक्तात काही तासच टिकतं, हजारपटीने कमी असतं, आणि साठा आटला तरी पॅराथायरॉइड हार्मोनच्या (गळ्यातल्या ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) रेट्याने आकडा ठीक दिसू शकतो. २५-हायड्रॉक्सी दोन-तीन आठवडे राहतं. आपल्या भाषेत सांगायचं तर गोदामात कापूस किती पडलाय हे ते सांगतं. जिनिंग चालू आहे की नाही, म्हणजे मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतंय की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी पॅराथायरॉइड हार्मोन, कॅल्शियम, फॉस्फरस आणि हाडांची घडामोड सांगणारं अल्कलाइन फॉस्फटेज सोबत बघावं लागतं. म्हणूनच नुसता डीचा आकडा बघून ६०,००० युनिटच्या पुड्या सुरू करायला माझा विरोध आहे.

नेफ्रोटिक सिंड्रोमचा, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं गळून अंगावर सूज येणाऱ्या आजाराचा, घोळ वेगळाच. डी रक्तात एका प्रथिनाला धरून फिरतं, आणि अंगावर सूज असताना ते प्रथिनही लघवीतून वाहून जातं. त्या दिवसांतला कमी आकडा थोडा वाहकाच्या कमतरतेचाही असतो. लघवीतलं प्रथिन थांबल्यावर तपासणी पुन्हा केली, तर खरा साठा जास्त नीट कळतो.

पुढे डी मोजायला प्रतिपिंडं वापरणाऱ्या किरणोत्सारी पद्धती आल्या, मग स्वयंचलित यंत्रं, मग रेणूंच्या वजनावरून मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री. एकाच रक्ताचे आकडे दोन लॅबमध्ये वेगळे येत, म्हणून १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये तुलनेची योजना सुरू झाली आणि २०१० मध्ये अमेरिकेत प्रमाणीकरणाचा कार्यक्रम. युरोपातल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी २०१७ मध्ये या मुलांसाठी ७५ नॅनोमोल प्रतिलिटरच्या वरची पातळी सुचवली. आपल्याकडच्या रिपोर्टात तोच आकडा ३० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर असा वाचायचा. एकक न बघता दोन रिपोर्ट शेजारी ठेवले, तर अडीचपट चूक होते.

धडगाव, अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातल्या तालुक्यांसाठी एक गोष्ट मोलाची आहे. २५-हायड्रॉक्सी नमुन्यात चांगलं टिकतं, मोठ्या शहरातल्या लॅबपर्यंतचा प्रवास सोसतं. पॅराथायरॉइड हार्मोन तसं नाही. ते उष्णतेत लवकर मोडतं. म्हणून त्याच पोराची ती दुसरी नळी बर्फाच्या डब्यातूनच घाट उतरायला हवी.