पार्श्वभूमी : रुंद, तिरप्या सॅन्स-सेरिफ अक्षराची घडण

तिरप्या छापील अक्षराची सुरुवात १५०१ सालच्या व्हेनिसमध्ये सांगितली जाते. मात्र ते इटालिक हस्ताक्षरावरून घडलेले, अरुंद आणि दाटीने बसणारे होते. खेळाडूंच्या जर्सीवर, मोटारींच्या नावपट्ट्यांवर आणि मालमोटारींच्या बाजूंवर आज दिसणारे रुंद तिरपे अक्षर त्याचे थेट वारस नाही. १८१६ साली लंडनमध्ये निघालेला पहिला सॅन्स-सेरिफ (रेषांच्या टोकांना छोट्या शेपट्या नसलेला) ठसाही, म्हणजे अक्षरसंचही, केवळ सरळ कॅपिटल अक्षरांचा होता.

रुंदीला आधुनिकतेचा अर्थ मिळाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५२ मध्ये तुरिनच्या एका फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्याने, मायक्रोग्रामा हा चौकोनी वळणाचा, फक्त कॅपिटल अक्षरांचा ठसा काढला आणि १९६२ मध्ये त्याच घराण्यात स्मॉल अक्षरे घालून युरोस्टाइल आणला. दरम्यान १९५७ मध्ये पॅरिसहून आलेल्या युनिव्हर्स या सॅन्स-सेरिफ अक्षरसंचाने २१ प्रकार दोन अंकी क्रमांकांत बसवले. त्यांतले ५३, ६३, ७३ आणि ८३ हे चारही रुंद प्रकार सरळच होते, त्यांना तिरपी जोड नव्हती. इतक्या काटेकोर आराखड्यात ही जागा रिकामी राहिली, कारण रुंद आणि तिरपे अक्षर पुस्तकाच्या पानाला फारसे लागतच नव्हते. त्याची गरज जाहिरातीला होती, आणि फोटोटाइपसेटिंगच्या (प्रकाशाने अक्षरे जुळवण्याच्या तंत्राच्या) भिंगाने कोणतेही अक्षर ताणता व कलवता येऊ लागल्यावर ती भागलीही, बहुधा ओबडधोबडपणे.

खरा गोंधळ नावाचा आहे. इटालिक म्हणजे वेगळ्या रचनेचे अक्षर, तर ऑब्लिक म्हणजे सरळ अक्षरच कलवलेले, असा भेद शिकवला जातो. परंतु बाजारात दोन्ही नावे एकाच वस्तूला सर्रास चिकटवली जातात. ऑब्लिक म्हणजे संगणकाने आपोआप कलवलेले अक्षर, ही समजूत तर निव्वळ चुकीची आहे. १२ अंशांचा कल दिला की ७०० एकक उंचीच्या अक्षराचा माथा सुमारे १४९ एकके उजवीकडे सरकतो. त्याबरोबर वर्तुळ तिरक्या लंबवर्तुळात बदलते आणि त्याच्या रेषा एका कर्णाजवळ जाड, दुसऱ्याजवळ बारीक होतात. रुंद ‘ओ’ आणि ‘एस’ मध्ये हा दोष अधिक खुपतो, म्हणून ती वळणे हाताने पुन्हा काढावी लागतात. शिवाय आडव्या रेषा कलत नाहीत. रुंद ‘ई’ मध्ये त्यांचेच राज्य असल्याने वेगाचा सारा आभास एकट्या उभ्या दांडीला पेलावा लागतो. एवढी दुरुस्ती झालेल्या अक्षराला ‘नुसते कलवलेले’ म्हणणे अन्यायाचे आहे.

२०१६ मध्ये ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या मानकाच्या १.८ आवृत्तीत व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाइलमध्ये रूप कमी-जास्त करता येणारे फॉन्ट, आले आणि रुंदी व कल हे दोन स्वतंत्र अक्ष, म्हणजे बदलाची मापे, झाले. इटालिकसाठी तिथे तिसरा, निराळा अक्ष आहे, म्हणजे जुना भेद निदान तांत्रिक भाषेत तरी मान्य झाला. कल मोजताना मात्र घड्याळाच्या उलट दिशा धन धरल्यामुळे नेहमीचा उजवीकडचा कल उणे अंकात लिहावा लागतो, तर वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत तोच कल धन अंकात लिहिला जातो.