जुनी बाईक पहिल्यांदाच घेताय? मग तपासायला आणताना इंजिन गार ठेवून आणा

सेकंडहँड बाईक घ्यायच्या आधी आम्ही ती तपासून देतो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही फोन करता. पण जवळपास प्रत्येक नवीन ग्राहकासोबत एकच गोष्ट होते आणि त्यात तुमचा अर्धा दिवस जातो आणि आमचाही, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

होतं असं की मालक आणि तुम्ही बाईक चालवत चालवत आमच्याकडे येता, इंजिन चांगलं तापलेलं असतं, आणि मग म्हणता "बघा ना, एका सेल्फला चालू होते, आवाज पण मस्त आहे". हो, होणारच. तापलेली जुनी बाईक साधारण सगळीच चांगली वाटते. जुन्या इंजिनचा खरा हिशोब गार असताना पहिल्या दोन मिनिटांत कळतो आणि ती दोन मिनिटं रस्त्यातच संपलेली असतात.

गार इंजिनात आम्ही काय बघतो ते सांगतो. चोक ओढला, सेल्फ मारला, की आधी बॅटरी किती जोर लावते ते कळतं. चालवत आणलेल्या बाईकची बॅटरी रस्त्यात चार्ज होऊन येते त्यामुळे कमजोर बॅटरी पण तेवढ्यापुरती धडधाकट दिसते. मग इंजिन पकडलं की पहिल्या काही सेकंदांत टायमिंग चेनचा (इंजिनच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी चेन) खळखळ आवाज येतो का ते ऐकायचं, ही चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजला असेल तर कित्येकदा हा आवाज गार असतानाच येतो आणि ऑइल वर चढलं की गप्प होतो. त्याच वेळी सायलेंसरच्या तोंडाशी कोणीतरी उभं पाहिजे. रात्रभर उभ्या असलेल्या बाईकने चालू होताना निळसर धुराचा एक झोत टाकला आणि नंतर धूर बंद झाला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, वरून ऑइल झिरपून आत साचलं होतं ते जळालं. हा झोत एकदाच दिसतो. मालकाने तुम्ही यायच्या आधी बाईक चालू करून ठेवली असेल तर तो तुम्हाला दिसणारच नाही, आणि आम्हाला पण नाही.

धुराबद्दल लोक फार घाबरतात म्हणून इथेच सांगून टाकतो. सकाळी गारठ्यात पातळ पांढरी वाफ येते आणि थोड्या वेळाने जाते ते पाणी आहे, सोडून द्या. जोर दिल्यावर सतत निळा धूर येत राहिला तर बहुतेक वेळा रिंग आणि बोअरचं (पिस्टनच्या कड्या आणि तो ज्यात फिरतो ते सिलेंडर) काम निघालं, तो खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते अनेकदा कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरवर भागतं. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनातून दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं डोकं आणि सिलेंडर यांच्यामधलं सील) संशय घ्यायचा. आणि टू-स्ट्रोक असेल तर तिच्यात ऑइल पेट्रोलसोबतच जळतं, थोडा धूर असणारच, फोर-स्ट्रोकचे नियम तिला लावू नका.

बरेच जण विचारतात की तपासणीला एवढा वेळ का लागतो, बाहेर तर दहा मिनिटांत सांगतात. आम्ही दहा मिनिटांत सांगत नाही कारण आम्हाला बाईक गार ते पूर्ण गरम अशी सगळी बघायची असते. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट) बहुतेक बाईकला गार इंजिनवरच मोजायचा असतो. उलट क्लच घसरतो का, गरम झाल्यावर ठिणगीची कॉइल दगा देते का, आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) टिकतं का, हे चालवून तापवल्याशिवाय कळत नाही. म्हणून तापलेली बाईक आली की आम्ही ती ठेवून घेतो, आणि इंजिन आतपर्यंत गार व्हायला काही तास जातात, शक्य असेल तर रात्रभर ठेवलेली बरी. तेवढं मालकाला पटत नाही आणि सौदा अडतो. त्यापेक्षा सरळ टेम्पोत टाकून आणा, किंवा आम्हाला सकाळी बाईक उभी असेल तिथे बोलवा, आम्ही येतो. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की चालू करू नका, आणि तिथे पोचल्यावर आधी इंजिनजवळ हात नेऊन बघा (टेकवू नका, गरम असेल तर भाजेल). ऊब लागली तर विचारा का चालू केली होती. प्रत्येक वेळी लबाडी असतेच असं नाही, बरेच मालक चांगल्या मनानेच "गिऱ्हाईक येतंय, चालू करून ठेवू" असं करतात, पण तुमची तपासणी तर गेली ना.

बाकीच्या गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता, त्यासाठी आमची गरज नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी अक्षर न अक्षर जुळवा, खोडल्यासारखा किंवा घासलेला वाटला तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्यावर असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा, आणि तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, त्याच्यावर नक्षी कितीही उठून दिसली तरी चालवू नका. मागच्या स्प्रॉकेटच्या (चाकाजवळचं दातेरी चक्र) पाठीमागून चेन बोटाने ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेट सेट बदलायचा धरा. शॉकअपच्या दांड्यांवर ऑइल, क्लचच्या लिव्हरचं टोक घासलेलं, हँडल पूर्ण वळल्यावर जिथे टेकतं तिथे फ्रेमला खड्डा, या पडल्याच्या किंवा झिजल्याच्या खुणा आहेत. पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून बघा, आत गंज असेल तर कार्बोरेटर कितीदा पण साफ करा, पुन्हा पुन्हा तुंबणार.

नवीन चालवणाऱ्यांना अजून एक मनापासून सांगतो. पहिली बाईक अशी घ्या की तुमचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात, बंद असताना ढकलता येते, आणि पार्ट सहज मिळतात. "थोडं काम आहे, करून घेऊ" म्हणून बंद पडलेली बाईक पहिलीच म्हणून घेऊ नका. चालवायला शिकायचंय का दुरुस्त करायला ते आधी ठरवा, कारण दोन्ही एकदम करायला गेलं की बाईक महिनोनमहिने उभी राहते आणि शिकणं राहून जातं.

तपासणीची फी आम्ही बाईक घेऊ नका सांगितलं तरी घेतो, यावर कधीकधी नाराजी होते. पण "घेऊ नका" सांगायला पण तेवढीच मेहनत लागते, आणि बाईक घेतल्यावरच पैसे मिळणार असतील तर आमचं मत तुमच्या कामाचं राहणार नाही. फोटो किंवा व्हिडिओ पाठवून "कशी वाटते" विचारलंत तर चेन-टायरचं सांगू, इंजिनचं सांगणार नाही, फोटोत ते दिसतच नाही.

तपासणीनंतर काय काय निघालं ते कागदावर लिहून देतो, आत्ता करायचं वेगळं आणि सहा महिने थांबलं तरी चालेल असं वेगळं. तो कागद मालकापुढे ठेवून भाव करा, बरेच जण करतात. आणि बाईक घेतलीतच तर ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, ब्रेक शू किंवा पॅड आणि केबल हे आधी बदलून मगच रोज चालवायला घ्या, आधीच्या मालकाने कधी बदललं होतं याचा भरवसा नसतो, ब्रेक ऑइल तर हवेतलं पाणी ओढून घेतं आणि साधारण दोन वर्षांत बदलायलाच लागतं. आमच्याकडे तपासलेल्या बाईकला हे काम आम्ही एकाच वेळी करून देतो, म्हणजे उघडलेली बाईक परत उघडायची मजुरी तुम्हाला पडत नाही. वेळ आदल्या दिवशी फोनवर ठरवा, शक्यतो सकाळची पहिली, आणि मूळ कागद सोबत आणा, झेरॉक्सवर नंबर नीट वाचता येत नाहीत.