क्रीडाप्रशिक्षकांचे शिक्षण : अध्ययन व प्रेरणा

खेळाडू कौशल्य कसे आत्मसात करतो आणि मैदानावर पुन्हा पुन्हा का येतो, हे प्रशिक्षकाला कळावे म्हणून त्याच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रातील अध्ययनाचे व प्रेरणेचे सिद्धांत शिकवतात. भारतात पटियाळा येथे १९६१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेतही क्रीडा मानसशास्त्र हा विषय असतो.

या क्षेत्रातले सर्वांत बोलके संशोधन अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे आहे. रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मोल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक सामन्यात काय बोलतात, कसे वागतात याच्या नोंदी १२ प्रकारांत केल्या : शाबासकी, चुकीनंतर दिलेला धीर, चूक सुधारण्याची सूचना, शिक्षा, दुर्लक्ष इत्यादी. मग मुलांना आणि प्रशिक्षकांनाही त्याबद्दल विचारले. मुलांनी सांगितलेले नोंदींशी बरेच जुळले, प्रशिक्षकांनी सांगितलेले फारसे जुळले नाही. आपण मुलांशी कसे वागतो हे खुद्द प्रशिक्षकालाच नीट ठाऊक नसते, हा या अभ्यासाचा खरा धडा.

त्यावरून काही तासांचे एक प्रशिक्षण तयार झाले : चांगल्या खेळाबरोबर प्रयत्नालाही दाद द्या, चुकीला शिक्षा न करता धीर द्या आणि पुढे काय करायचे ते सांगा, स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवा. असे प्रशिक्षण घेतलेल्यांचे संघ जास्त सामने जिंकले नाहीत. पण मुलांना खेळ अधिक आवडला, आणि आत्मविश्वास कमी असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालील २६ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला होता. प्रशिक्षितांकडे हे प्रमाण ५ टक्के होते.

शाबासकीचा उपयोग वर्तनवादाच्या प्रबलनाने (ज्या वागण्याचे फळ चांगले मिळते ते पुन्हा घडते, या तत्त्वाने) समजतो, पण तेवढ्याने भागत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी पैसे थांबल्यावर त्यांत कमी वेळ घालवला. डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार आतून येणारी प्रेरणा टिकायला स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकी लागते. म्हणूनच मुलांना सरावात काही निवड करू देणे आणि नियमामागचे कारण सांगणे याला प्रशिक्षणात महत्त्व आले.

अध्ययनाच्या बाजूने अल्बर्ट बांडुरा यांचा निरीक्षणातून शिकण्याचा सिद्धांत प्रात्यक्षिकाला आधार देतो. सूचनांबाबत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली की सरावात सुधारणा झटपट दिसते, पण खेळाडू सूचनेवर विसंबू लागतो आणि ती बंद झाल्यावर कामगिरी घसरते.