कॉफीच्या चोथ्यावरील अळिंबी लागवड

कॉफी गाळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यावर खाद्य अळिंबी (मशरूम), मुख्यतः धिंगरी (ऑयस्टर मशरूम), वाढविण्याची पद्धत. कॅफे व उपाहारगृहांतून रोज निघणारा चोथा कचऱ्यात जाण्याआधी अन्ननिर्मितीला लावणे, हा तिचा हेतू आहे. प्रस्तुत नोंदीत पद्धतीचा उगम व शास्त्रीय बाजू दिली असून नागपूरच्या हवामानात आणि विदर्भात मिळणाऱ्या शेतअवशेषांच्या जोडीने ती कशी राबविता येते, याचा विचार केला आहे.

उगम : धिंगरीची पद्धतशीर लागवड पहिल्या महायुद्धाच्या काळात, बहुधा 1917 च्या सुमारास, जर्मनीत फाल्क यांनी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर केली असे मानले जाते. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत बानो व श्रीवास्तव यांनी 1962 मध्ये भाताच्या काडावर धिंगरी घेण्याची रीत मांडली. पुढे 1974 मध्ये जंदाईक व कपूर यांनी निरनिराळ्या शेतअवशेषांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आज विदर्भात धिंगरी करणारा शेतकरी जे काही करतो, ते बहुतांशी या दोन कामांच्या वाटेनेच त्याच्यापर्यंत पोचले आहे.

कॉफीच्या अवशेषांकडे अभ्यासक केव्हा वळले, याबाबत एकवाक्यता नाही. मतभेदाचे मुख्य कारण असे की, तीन वेगवेगळे पदार्थ एकाच नावाखाली मोजले जातात : ओल्या प्रक्रियेत फळापासून निघणारा गर, कोरड्या प्रक्रियेत निघणारे टरफल, आणि भाजून, दळून, गाळून उरलेला चोथा. गरावरील काम आधीचे आहे. मेक्सिकोमध्ये गुस्मान व मार्तिनेस-कारेरा यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यास कॉफीच्या गरावर धिंगरी घेऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्राझीलमध्ये सोक्कोल यांच्या गटाने 2000 च्या आसपास टरफल, पाने व चोथा यांवर तुलनात्मक काम केले. केवळ चोथ्याचा विचार केला, तर थिल्के यांचा 1989 मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध वारंवार उद्धृत होतो. लोकप्रिय लेखनात या पद्धतीचे श्रेय अनेकदा बेल्जियन उद्योजक गुंटर पाउली यांना दिले जाते. कचऱ्यातून उत्पन्न या कल्पनेचा त्यांनी जगभर केलेला प्रसार नाकारण्याजोगा नाही. परंतु मूळ प्रयोगाचा मान थिल्के व त्यांच्या आधीच्या मेक्सिकन अभ्यासकांकडे ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. शहरी उद्योग म्हणून ही पद्धत 2009 नंतर फोफावली. त्या वर्षी अमेरिकेतील बर्कली येथे दोन विद्यार्थ्यांनी कॅफेंचा चोथा गोळा करून धिंगरी विकण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे घरी अळिंबी उगवण्याचे तयार संच बाजारात आणले.

गर व टरफल हे मळ्याजवळ मिळणारे पदार्थ आहेत. महाराष्ट्रात कॉफीची लागवड अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यापुरती, तीही अल्प प्रमाणात आहे. त्यामुळे मेक्सिको वा ब्राझीलमधील उत्पादनाचे आकडे नागपूरच्या कॅफेतील चोथ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मार्गदर्शनपर लेखनात ही सरमिसळ वारंवार आढळते.

बुरशीची ओळख : भारतात ‘प्लुरोटस सजोर-काजू’ म्हणून वाढविली जाणारी करडी धिंगरी नेमकी कोणती, हा प्रश्न जुना आहे. जंदाईक यांना ती हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या वाळल्या खोडावर मिळाली होती. पेग्लर यांनी 1975 मध्ये दाखविले की, मूळ सजोर-काजू ही देठावर कडे असणारी, लेंटिनस वंशातील निराळी बुरशी आहे. यावरून लागवडीतील भारतीय वाण प्लुरोटस पल्मोनॅरियस या जातीत मोडतो, असे बहुतेक वर्गीकरणतज्ञ मानतात. भारतीय कृषी साहित्याने मात्र जुने नाव सोडलेले नाही. पांढऱ्या ‘फ्लोरिडा’ धिंगरीबाबतही मतभेद आहेत. काही जण तिला प्लुरोटस ऑस्ट्रिएटसचा प्रकार समजतात, तर काही पल्मोनॅरियसच्या जवळ नेतात. हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. ऑस्ट्रिएटसचे युरोपीय वाण फळधारणेसाठी थंडी मागतात आणि पल्मोनॅरियस उबदार हवेतही फळते. परदेशी पुस्तकात ऑस्ट्रिएटससाठी दिलेले तापमान नागपुरात करड्या धिंगरीला लावल्यास थंडाव्यावरचा खर्च विनाकारण वाढतो. लागवडीपुरते म्हणायचे तर करडी व फ्लोरिडा या दोहोंना साधारण 20 ते 28 अंश सेल्सिअस, तर गुलाबी धिंगरीला 30 अंशांच्या पुढचेही तापमान चालते.

चोथ्याचे गुणधर्म : नुकत्याच निघालेल्या चोथ्यात वजनाच्या सुमारे 60 टक्के पाणी असते. वाळल्या चोथ्यात नायट्रोजन 2 टक्क्यांच्या आसपास, तर स्निग्धांश 10 ते 15 टक्के आढळतो. हेमिसेल्युलोज भरपूर व लिग्निनही (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) बरेच असते. कर्ब-नायट्रोजन गुणोत्तर, म्हणजे नायट्रोजनच्या एका भागामागे असणारे कर्बाचे भाग, 20 ते 25 च्या घरात येते. भाताच्या तणसात ते साधारण 60 ते 80 आणि लाकडात कित्येक शेकडा असू शकते.

धिंगरी मुळात लाकडावर जगणारी बुरशी आहे. लॅकेज व मँगनीज पेरॉक्सिडेज यांसारख्या विकरांनी (एन्झाइमांनी) ती लिग्निन फोडते. लाकडात नायट्रोजन इतका तुटपुंजा असतो की, तो मिळविण्यासाठी ती सूत्रकृमींना बधिर करून त्यांच्या शरीरात शिरते व त्यांना पचविते, असे थॉर्न व बॅरन यांनी 1980 च्या दशकात दाखविले. अशा बुरशीला चोथा म्हणजे सुकाळच. अडचण एवढीच की, हाच नायट्रोजन हिरव्या ट्रायकोडर्मा बुरशीलाही हवा असतो आणि ती धिंगरीपेक्षा वेगाने पसरते. चोथ्यावरील लागवडीतील बहुतेक अपयशांचे मूळ येथे आहे. त्यात चोथ्याचे कण बारीक असल्याने तो दाबला जातो आणि पिशवीच्या गाभ्यात हवा खेळत नाही.

कॅफिनबाबतचे निष्कर्ष परस्परांशी पूर्ण जुळत नाहीत. अधिक प्रमाणातील कॅफिन बुरशीची वाढ रोखते, हे सर्वमान्य आहे. मतभेद आहे तो कॅफिनचे पुढे काय होते याबद्दल. ब्राझीलमधील प्रयोगांत टरफलावर वाढलेल्या धिंगरीच्या फळात कॅफिन आढळले. त्यावरून धिंगरी ते फोडत नाही, केवळ साठविते, असा अर्थ काढला गेला. चोथ्यावरील नंतरच्या अभ्यासांत बुरशी कॅफिनमधील मिथाइल गट काढून त्याचे अंशतः विघटन करते, असे दिसले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय गाळतानाच बरेचसे कॅफिन पेयात उतरते, त्यामुळे चोथ्यात ते गर किंवा टरफलापेक्षा कमी असते.

निर्जंतुकतेचा प्रश्न : ‘कॉफी करतानाच चोथा निर्जंतुक होतो, म्हणून पुन्हा उकळण्याची गरज नाही’ असे या पद्धतीच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. विधान अर्धेच खरे आहे. दाणे 200 अंशांच्या आसपास भाजले जातात, त्यामुळे पूड पुष्कळशी स्वच्छ असते. एस्प्रेसो यंत्रात सुमारे 90 अंशांचे पाणी अर्धा मिनिटच लागते. थंड पाण्यात भिजवून केलेल्या कॉफीचा चोथा तर तापलेलाच नसतो. यंत्रातून निघाल्यावर तो उघड्या डब्यात पडतो आणि तेथून पुढे हवेतील बीजाणूंना मोकळा असतो. त्याच दिवशी वापरलेला चोथा पुन्हा न उकळता चालू शकतो. रात्रभर राहिलेला चोथा वाफवावा, किंवा निघताच गोठवून ठेवावा. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत ही मुदत काही तासांवर येते.

काड निर्जंतुक करण्यासाठी भारतात कार्बेन्डाझिम व फॉर्मालिन यांच्या पाण्यात 18 तास भिजविण्याची रीत रूढ आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथील विजय व सोही यांनी ती 1980 च्या दशकात सुचविली. चोथ्यावरील अळिंबी घरच्या खाण्यासाठी किंवा ‘रसायनमुक्त’ म्हणून विकण्यासाठी घेतात, तेव्हा ही रीत टाळून गरम पाणी वा वाफ वापरणेच उचित होय.

नागपुरातील परिस्थिती : नागपूर हे चहाचे शहर. येथील कॉफी प्रामुख्याने तीन ठिकाणी होते : धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांतील कॅफे, दाक्षिणात्य उपाहारगृहे, आणि घरे. घरांतून बहुधा झटपट विरघळणारी पूड वापरतात, तिचा चोथा उरतच नाही. फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. तिच्या मुळातील शर्करा पुरती निघून गेलेली नसेल, तर चोथा लवकर आंबतो. म्हणून एस्प्रेसो यंत्राचा चोथा सर्वांत विश्वासार्ह. दोन मापांच्या एका कपाला 18 ग्रॅमपर्यंत पूड लागते. दिवसाला असे 100 कप करणाऱ्या कॅफेतून सुमारे 1.8 किलो वाळला, म्हणजे साडेचार किलोपर्यंत ओला चोथा निघेल. टपरीवरील चहाचा चोथा मुबलक असला, तरी तो दूध, साखर व आल्यासह उकळलेला असतो. ती साखर जिवाणूंना आयतीच मिळते, म्हणून तो या कामी येत नाही.

हवामान हा येथील कळीचा घटक आहे. मे महिन्यात तापमान 45 अंशांवर जाते, दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि हिवाळ्यात रात्रीचे तापमान 10 अंशांखालीही उतरते. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ फ्लोरिडा व करड्या धिंगरीला मानवतो. कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते एवढेच. पावसाळ्यात ओलावा आपोआप मिळतो. मात्र माश्या व ट्रायकोडर्मा यांचा उपद्रव त्याच दिवसांत अधिक असतो, तेव्हा गुलाबी धिंगरी निवडून चोथ्याचे प्रमाण कमी ठेवावे. उन्हाळ्यात वऱ्हाड-नागपूरकडच्या घरोघरचा कूलर उपयोगी पडतो. हवा कोरडी असल्यामुळेच तो तापमान बरेच उतरवितो आणि सोबत ओलावाही देतो. तरीही एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत धिंगरीऐवजी 30 ते 35 अंशांत येणारी दुधी अळिंबी काडावर घेणे श्रेयस्कर.

पद्धत : केवळ चोथा भरलेल्या पिशव्यांची छायाचित्रे आकर्षक असतात, पण नागपूरसारख्या ठिकाणी मिश्र माध्यमच (बुरशी ज्यावर वाढते तो पदार्थ) भरवशाचे. तणस भंडारा-गोंदियाकडून येते. सोयाबीनचे कुटार आणि कुटून बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडे) जिल्ह्यातच मिळते. यांतील कोणतेही चालते. वाळल्या वजनाने दोन भाग तणस व एक भाग चोथा घेतल्यास कर्ब-नायट्रोजन गुणोत्तर 40 च्या आसपास येते आणि तणसामुळे हवेला वाट राहते. चोथा याहून वाढवू नये.

तणस गरम पाण्यातून काढून निथळवितात. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. त्यात ताजा चोथा मिसळतात. बियाणे, म्हणजे गहू किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढविलेली बुरशी, नुसत्या काडाला ओल्या वजनाच्या 2 ते 4 टक्के पुरते. चोथा असताना 8 ते 10 टक्के घालावे, म्हणजे ट्रायकोडर्माच्या आधी धिंगरी माध्यम व्यापते. पिशवी दोन-तीन किलोंपेक्षा मोठी करू नये. वाढती बुरशी स्वतः उष्णता सोडते, नायट्रोजनयुक्त माध्यमात ती अधिक असते, आणि मोठ्या बेडचा (माध्यम भरलेल्या पिशवीचा) गाभा खोलीपेक्षा कित्येक अंशांनी तापून बुरशी मरते. पिशवीला भोके पाडून ती अंधाऱ्या जागी ठेवतात. पंधरा ते पंचवीस दिवसांत बेड पांढरा होतो. मग उजेड, खेळती हवा व 80 ते 90 टक्के आर्द्रता दिली की आठवडाभरात अंकुर दिसतात. हवा कोंडली तर कर्ब वायू साचून देठ लांब व छत्री लहान राहते. कडा वर वळण्याआधी झुपका पिळून काढतात. दोन ते तीन तोडण्या मिळतात.

उत्पादन जैविक कार्यक्षमतेत मोजतात, म्हणजे वाळल्या माध्यमाच्या शेकडा वजनामागे निघालेली ताजी अळिंबी. चांगल्या काडावर ती 50 ते 100 टक्के येते. चोथ्याच्या प्रयोगांतील आकडे वाण व मिश्रणानुसार फार बदलतात. वरील उदाहरणातील कॅफेच्या एका दिवसाच्या चोथ्यात दुप्पट तणस घालून 50 टक्के धरले, तरी पावणेतीन किलोंच्या जवळपास ताजी धिंगरी निघते. विक्रीचे गणित मांडताना 50 टक्क्यांच्या वर जाऊ नये.

धिंगरीचे बीजाणू विपुल असतात व बंद खोलीत सतत काम करणाऱ्यास त्यांमुळे खोकला, ताप व श्वसनाचा त्रास होऊ शकतो. म्हणून राहत्या खोलीत बेड लावू नयेत आणि तोडणी करताना नाका-तोंडावर मुखपट्टी बांधावी.

कृषी विद्यापीठांत अळिंबीचे काम प्रायः वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे असते. नागपूरचे कृषी महाविद्यालय (स्थापना 1906) अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या आवडीने खातात, त्यामुळे अळिंबीची चव येथे नवी नाही. धिंगरीला बाजारात मिळणारी जागा मात्र अजून बटण अळिंबीच्या मागेच आहे. ताजी धिंगरी शीतकपाटात तीन-चार दिवस टिकते. उन्हाळ्यात ती वाळविणे सोपे असते. वाळल्यावर वजन सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते.

तोडण्या संपलेला बेड फोडून गांडूळखताच्या खड्ड्यात घालतात. हिरवी बुरशी लागलेले बेड मात्र लागवडीच्या खोलीत न फोडता बंद पिशवीतच बाहेर न्यावेत आणि दूर पुरावेत.