मोतीबिंदू

डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होऊन दृष्टी मंदावण्याच्या विकारास मोतीबिंदू म्हणतात. वयोमानाने भिंगातील प्रथिनांची रचना बिघडते, ती एकमेकांना चिकटतात आणि मुळात पारदर्शक असलेले भिंग पिवळसर, तपकिरी किंवा पांढरे होत जाते. भारतात 2015–19 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 50 वर्षे व त्यापुढील व्यक्तींमधील सुमारे दोन तृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले. हे अंधत्व बहुतांशी शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते, म्हणूनच ही स्थिती अधिक क्लेशदायक आहे.

सुरुवातीला डोळा दुखत नाही की लाल होत नाही, त्यामुळे चाहूल उशिरा लागते. नजर धुरकट होते, रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपतात, रंग फिके वाटतात आणि चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. भिंगाचा मध्यभाग कठीण होऊ लागला की काही जणांना जवळचे चष्म्याविना दिसू लागते. आजोबांची चाळशी सुटली याचे घरात कौतुक होते, पण प्रत्यक्षात ते वाढत्या मोतीबिंदूचे लक्षण असू शकते.

‘मोतीबिंदू पिकला की काढू’ हा समज आजही पक्का आहे आणि तो घातक आहे. जुन्या शस्त्रक्रियेत भिंग पिकण्याची वाट पाहिली जात असे. आता दैनंदिन कामांत अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. अतिपक्व भिंग फुगून किंवा त्यातील द्रव्य पाझरून डोळ्यातील दाब वाढू शकतो. शिवाय नजर कमी होण्याचे खरे कारण दृष्टीच्या नसेला इजा करणारा काचबिंदू असेल, तर थांबण्यात गेलेली दृष्टी परत मिळत नाही. म्हणून चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञांकडून नियमित तपासणी करून घ्यावी आणि तीत डोळ्यातील दाब व दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा) यांचाही समावेश असावा.

वय टाळता येत नाही, परंतु मधुमेह, धूम्रपान, कडक उन्हातील अतिनील किरण, डोळ्यास झालेली इजा आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर यांमुळे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. डोळे चुरचुरतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब महिनोन्‌महिने घालणे तर दुहेरी धोक्याचे, कारण त्यामुळे काचबिंदूही होऊ शकतो. उन्हात काम करणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी व अतिनील किरण रोखणारा चष्मा वापरावा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यातील बाहुली पांढरी दिसल्यास एक दिवसही दवडू नये. तो जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो.

मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध झालेले औषध नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात गढूळ भिंगावरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. हॅरल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही फारसा दाह होत नाही, या निरीक्षणातून त्यांना ते सुचले. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. ‘फेको’ नावाने परिचित असलेल्या या पद्धतीत सुमारे तीन मिलिमीटर किंवा त्याहून लहान छेद पुरतो आणि सहसा टाका लागत नाही. महाराष्ट्रातील शिबिरांत टाक्याविना केली जाणारी लहान छेदाची, कमी खर्चाची शस्त्रक्रियाही प्रचलित आहे.

शस्त्रक्रियेनंतर सांगितलेले थेंब पूर्ण मुदतीपर्यंत घालावेत, डोळा चोळू नये आणि त्यात पाणी जाऊ देऊ नये. वेदना, लाली किंवा अचानक अंधूकपणा आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काही महिन्यांनी वा वर्षांनी कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा धुरकटला, तर मोतीबिंदू परत आला असे रुग्ण समजतात. काढलेला मोतीबिंदू पुन्हा येत नाही आणि हा पडदा लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो.