प्रतियोगी व अनुयोगी

न्याय-वैशेषिक दर्शनांत संबंधाच्या दोन टोकांना दिलेली नावे. जे संबंधाने कशावर तरी राहते ते प्रतियोगी आणि ज्यावर राहते ते अनुयोगी. जमिनीवर घडा असेल, तर त्या संयोगाचा घडा प्रतियोगी आणि जमीन अनुयोगी. (हिंदीत ‘प्रतियोगी’ म्हणजे स्पर्धक, त्या अर्थाचा इथे काही संबंध नाही.)

‘सापाने बेडूक गिळला’ किंवा ‘बेडूक सापाने गिळला’, कसेही म्हटले तरी मेला तो बेडूकच. मराठीत शब्दांच्या जागा बदलल्या तरी विभक्तिप्रत्यय गोंधळ होऊ देत नाही. पण प्रत्यय ही भाषेतली खूण झाली. प्रत्यक्ष घटनेत गिळणारा कोण आणि गिळला जाणारा कोण, हे कशाने ठरते? साप, बेडूक आणि गिळणे एवढीच सामग्री घेतली, तर उलटी घटनाही त्यातूनच उभी राहते.

संयोगाच्या बाबतीत पेच जास्तच अवघड आहे. वैशेषिकांच्या मते संयोग हा गुण असून तो घड्यात आणि जमिनीत सारखाच असतो. तरी जमीन घड्यावर आहे असे कोणी म्हणत नाही. नव्यनैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेचे विचारवंत म्हणतात, घड्यात आधेयता आहे, जमिनीत आधारता आहे, आणि या दोन्ही एकमेकींच्या निरूपक आहेत; म्हणजे एकीचे वर्णन दुसरीवाचून पुरे होत नाही. असा आधार-आधेय भाव ठरवणाऱ्या संबंधाला वृत्तिनियामक म्हणतात. जुळलेल्या दोन बोटांचा संयोग तसा नाही: तिथे कोणीच कोणावर राहत नाही.

समवाय, म्हणजे गुण आणि द्रव्य यांसारख्यांचा अविभाज्य संबंध, परंपरेने सगळीकडे एकच मानला जातो. मग वायूत स्पर्शाचा समवाय असल्याने रूपाचाही (म्हणजे रंगाचाही) असणार, आणि वायूला रंग असायला हवा! विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’तले (सतरावे शतक) उत्तर असे, की समवाय आहे, पण रूप हा प्रतियोगीच तिथे नाही. उत्तर चतुर आहे. मात्र संबंध असून संबंधी नाही, हे पचायला जड जाते. नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणींनी समवाय अनेक मानून हा पेचच टाळला.

अभावालाही प्रतियोगी असतो. ‘जमिनीवर घडा नाही’ यात घडा हजर नसूनही तो अभाव कोणाचा हे तोच ठरवतो. या परिभाषेसाठी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आजही हाताशी लागतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढली.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्ट्रंड रसेल यांनी १९०३ मध्ये संबंधालाच दिशा असते असे मांडले. १९१३ च्या हस्तलिखितात ते त्यापासून दूर गेले. दिशा मानली की ‘वर’ आणि ‘खाली’ हे दोन संबंध होतात. पण घडा जमिनीवर असणे आणि जमीन घड्याखाली असणे ही वस्तुस्थिती तर एकच. किट फाइन यांनी २००० मध्ये याच आक्षेपाला धार दिली. संबंधात ठरावीक जागा असतात आणि वस्तू त्या भरतात, हा पर्यायही त्यांनी तपासला. प्रतियोगी-अनुयोगी ही मांडणी त्याच्या बरीच जवळची वाटते. जागांच्या या पर्यायाची अडचण सममित, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारख्याच असलेल्या, संबंधांत दिसते. दोन घरे शेजारी असतील आणि शेजाराला दोन वेगळ्या जागा असतील, तर घरांची अदलाबदल करून दुसरी वस्तुस्थिती मिळायला हवी. प्रत्यक्षात शेजार तोच राहतो.