दीर्घिकांचे ताम्रसृती सर्वेक्षण

दीर्घिकांची (गॅलक्सींची) ताम्रसृती (रेडशिफ्ट) मोजून विश्वरचनेचा त्रिमित नकाशा तयार करण्याची पद्धत. छायाचित्रावरून दीर्घिकेची दिशा कळते. अंतराचा अंदाज वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत विभागून, बांधावा लागतो. विश्व प्रसरण पावत असल्याने प्रकाशाची तरंगलांबी वाटेत वाढते; दीर्घिका जितकी दूर, तितकी वाढ जास्त. मूळ लांबीच्या तुलनेत झालेली ही वाढ म्हणजे ताम्रसृती. कॅल्शियमची ३९३.४ नॅनोमीटरची काळी रेषा जांभळ्या टोकाऐवजी ५०३.५ नॅनोमीटरवर, म्हणजे हिरव्या भागात सापडली, तर ताम्रसृती ०.२८ ठरते.

१९८६ मध्ये वॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका अरुंद पट्टीतील सुमारे १,१०० दीर्घिका अशा रीतीने मांडल्या. त्या सरसकट विखुरलेल्या नव्हत्या. साबणाच्या फेसासारख्या, मोठमोठ्या पोकळ्यांच्या कडांवर दाटलेल्या होत्या. मात्र एकेका दीर्घिकेचा वर्णपट घेण्यात फार वेळ जाई. २००० साली सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणात ॲल्युमिनियमच्या तबकडीला दीर्घिकांच्या जागी भोके पाडत आणि त्यांत ६४० प्रकाशतंतू चक्क हाताने खोचत; त्यामुळे शेकडो वर्णपट एकदम मिळत. ॲरिझोनातील डेसी या उपकरणात तंतू जागेवर नेण्याचे काम ५,००० छोटे यंत्रमानव करतात.

पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतील संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह (दीर्घिकांच्या अनेक समूहांचा समूह) स्लोनच्याच नोंदींत सापडला. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे, विस्तार ६० कोटी. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊला इंदूरमध्ये भाद्रपदा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या दक्षिणेला, मीन राशीत, हा महासमूह आहे. फटाक्यांचा धूर आणि शहराचा उजेड नसला, तरी रामबागेतल्या गच्चीवरून तो दिसायचा नाही. मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रातही नुसते अंधूक ठिपके येतात. जवळचे कोणते, लांबचे कोणते, हे ताम्रसृतीशिवाय उमगत नाही.

हा नकाशा जसाच्या तसा खरा मानणे मात्र चूक. ताम्रसृतीत दीर्घिकेची स्वतःची गतीही मिसळलेली असते. समूहातल्या दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने इकडेतिकडे फिरतात, त्यामुळे समूह आपल्या दिशेने लांबट दिसतो. ‘देवाची बोटे’ म्हणतात ती हीच. याउलट, दाट भागाकडे ओढल्या जाणाऱ्या दीर्घिकांमुळे मोठ्या रचना चपट्या दिसतात. हा चपटेपणा किती, यावरून रचना कोणत्या वेगाने वाढत आहेत ते काढता येते, हे निक कायझर यांनी १९८७ मध्ये दाखवले. गुरुत्वाकर्षणाचे सिद्धान्त तपासायला आज तो फार उपयोगी पडतो.

इंदूरजवळ सिमरोल येथील आयआयटीत २१ सेंटिमीटर रेडिओलहरींवर संशोधन चालते. या लहरी उदासीन (विद्युतभार नसलेल्या) हायड्रोजनच्या असतात. त्यांच्या मोजणीत दीर्घिका सुट्या ओळखाव्या लागत नाहीत. लहर कोणत्या लांबीवर आली, यावरूनच ताम्रसृती मिळते.